पहिल्या सरीवर नको, मिलिमीटर पाहून पेरा

मृग लागला की घराघरात एकच प्रश्न असतो. पेरायचं की थांबायचं? शेजाऱ्याने तिफण काढली की आपलाही धीर सुटतो. ओल आहे तोवर उरकून घ्यावं असं वाटतं. पण मागच्या काही हंगामांनी जे दाखवलं, ते पाहिल्यावर आपण सर्वांनी थोडं थांबून विचार करणं गरजेचं आहे.

2023 मध्ये देशात मान्सूनचा पाऊस सरासरीच्या 94 टक्के झाला. कागदावर ही तूट फार मोठी नाही. पण त्यातला ऑगस्ट हा 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि नेमका तोच सोयाबीनला फुलं-शेंगा लागण्याचा काळ. 2025 मध्ये उलटं झालं. मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला, इतका लवकर आला. मग तो अडखळला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकेना. शेवटी देशाचा पाऊस सरासरीच्या 108 टक्के भरला, पण सप्टेंबरमध्ये बीड, धाराशिव, सोलापूर भागात उभी पिकं पाण्याखाली गेली. म्हणजे सरासरी चांगली असली तरी शेतकरी बुडू शकतो. पिकाला वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला पाहिजे त्या आठवड्यात पाणी पाहिजे.

म्हणूनच पावसाची तारीख पाहण्यापेक्षा मोजमाप पाहावं. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. यामागचं कारण साधं आहे. पहिल्या सरीने वरची माती भिजते, बी फुगतं, कोंब येतो. पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली की खाली ओल नसल्याने तो कोंब जागेवरच करपतो. मग दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि उधारी मात्र तीच, वाढत जाणारी.

आपल्या समाजात बटईने किंवा ठोक्याने जमीन करणारे बरेच आहेत. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो, त्यामुळे नुकसानीचे पैसे आले तरी ते जमीनमालकाच्या खात्यात जातात. विम्याचंही बदललं आहे. एक रुपयातली योजना 2025 च्या खरिपापासून बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता भरावा लागतो आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर ठरते. अशा वेळी दुबार पेरणीचा फटका थेट पोरांच्या फीवर आणि घरच्या किराण्यावर येतो.

मग करायचं काय? पाऊस वेळेवर असेल तर मूग-उडीद आधी, कारण ही पिकं उशिरा पेरून परवडत नाहीत. सोयाबीन साधारण जुलैच्या मध्यापर्यंत चालतं. त्यानंतर हट्ट सोडून तूर, बाजरी, सूर्यफुलाकडे वळावं. सगळं रान एकाच पिकाखाली घालू नये. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवल्या तर एक गेलं तरी दुसरं हाताशी राहतं. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि खंड पडला तर ओल टिकते. घरचं बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा. सत्तरच्या वर उगवले तर ठीक.

कोणी म्हणेल, रिज्क अल्लाहच्या हातात आहे, मोजून काय होणार? बेशक त्याच्याच हातात आहे. पण सूरह यूसुफ आठवा. सात वर्षं सुगीची, सात दुष्काळाची, हे कळल्यावर हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी पेरणीचं आणि साठवणुकीचं नियोजन सांगितलं, धान्य कणसातच ठेवायला सांगितलं. तवक्कुल म्हणजे हातपाय न हलवणं नव्हे. पाऊस लांबला तर इस्तिस्काची नमाज आहेच, तयारी मात्र आपली असली पाहिजे.

आपल्या बुजुर्गांनाही हे ठाऊक होतं. हिजरी साल दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं, त्यावर शेती चालत नाही. म्हणून दख्खनमध्ये शुहूर सन चालला. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचं वर्ष बदले. लोक त्याला मृगसालही म्हणत. पेशव्यांच्या कागदांतसुद्धा या सनाचे आकडे खमस, सबा असे अरबीत लिहिलेले सापडतात. पेरणीच्या वेळेत हिंदू-मुसलमान असा फरक कधीच नव्हता.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच अतिवृष्टी धरतात. एका मंडळात अनेक गावं, आणि यंत्र एकाच ठिकाणी. एका शिवारात ढगफुटी आणि यंत्राजवळ भुरभुर, असं होतं. गावागावात पर्जन्यमापक बसवण्याची मागणी आपण ग्रामसभेत केली पाहिजे.

तोपर्यंत आपल्या हातातलं करू. मोबाईलवर फिरणाऱ्या प्रत्येक अंदाजावर भरवसा ठेवण्याऐवजी हवामान विभागाचा कृषी सल्ला वाचू. तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या फळ्यावर तो सल्ला आणि गावात पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिला, तर वाचणारे सगळ्याच समाजाचे असतील. शाळेतली पोरंही हे मोजमाप आनंदाने करतील. एका घराची जरी दुबार पेरणी टळली, तरी इन्शाअल्लाह तेवढं पुरेसं आहे.