सिस्टरला टॅब पेलत नाही म्हणे!

परवा एका सभेत एका सुशिक्षित गृहस्थांनी निकालच देऊन टाकला. खेड्यातल्या नर्सना टॅब दिले, पण त्यांना ते पेलत नाहीत. माहिती उशिरा चढते, अर्धवट चढते. तेव्हा ते काम कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांकडे द्यावे आणि रुग्ण व्हिडिओवर शहरातल्या डॉक्टरला दाखवावा. मग सिस्टरने काय करायचे? बहुधा टॅब पुसायचा.

या गृहस्थांनी बेळगावजवळच्या सांबऱ्यासारख्या गावात सिस्टरच्या शेजारी तासभर बसावे. शेतातून आलेल्या गरोदर बाईला आधी बसवायचे, दम खाऊ द्यायचा, मग दंडाला पट्टा बांधायचा. वरचा आकडा एकशेचाळीसवर गेला की डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे विचारायचे, पायावरची सूज बघायची. इथवर सगळे सुरळीत. पुढे तीच माहिती गर्भवतीच्या तायी कार्डावर, तीच रजिस्टरात, तीच ॲपमध्ये. ‘आभा’ हा आरोग्य-खात्याचा क्रमांक काढायचा तर ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर, आणि तो फोन गोव्यात कामाला गेलेल्या नवऱ्याच्या खिशात. तो उचलत नाही. उचलतो तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. तोवर बाईची घरी जायची घाई. क्षयाचे पोर्टल निराळे, मधुमेहाचे निराळे, लसीकरणाचे आणखी निराळे. एवढे भरून झाल्यावर साहेब विचारतात, ‘रजिस्टर कुठंय?’ कागद बंद करण्याचा धीर वरच्यांना होत नाही आणि उशिराचे खापर मात्र सिस्टरच्या माथी!

‘पेलत नाही’ हे पालुपद जुनेच. बाळंतिणीचा रक्तस्राव रोखणारी गोळी नर्सच्या हाती द्यावी का, यावरही अशाच शंका निघत. बेळगाव जिल्ह्यात १६२० बाळंतपणांचा अभ्यास झाला. गोळ्या देणाऱ्या होत्या उपकेंद्रांतल्या सहायक परिचारिका-प्रसाविका. ‘लॅन्सेट’ने २००६ मध्ये निकाल छापला: अतिरक्तस्राव खोट्या गोळीच्या गटात १२ टक्के, खऱ्या गोळीच्या गटात ६.४.

व्हिडिओबद्दल एवढेच, की पडद्यातून पोटाला हात लावता येत नाही. आणि खानापूरच्या भीमगड अरण्यातल्या आमगाव-गवाळीत आधी रेंज शोधून दाखवा. भाषेचेही तेच. आपल्या सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून पिढ्या भांडल्या, पण टॅबवरचा इशारा बाईला तिच्या मराठीत किंवा कन्नडात समजावते ती सिस्टरच.

म्हणजे यंत्र नकोच का? हवे. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत गर्भवतींच्या रक्तदाबासाठी आशाताई आणि नर्सच्या हाती ॲप देऊन पाहिले गेले. मोझांबिक, पाकिस्तान आणि इथला एकत्रित निकाल २०२० मध्ये आला. एकूणात फरक दिसला नाही, हे कबूल. पण जिथे ॲप घेऊन आठ किंवा अधिक भेटी झाल्या, तिथे मृतजन्म कमी आढळले. फेऱ्या मारायला माणूस हवा, आणि धोका वेळेत दाखवील असे यंत्र त्याच्या हातात हवे.

नोंद एकदाच, एकाच ठिकाणी, रेंज नसतानाही चालेल अशी करा. आधी ती रजिस्टरे बंद करा. सिस्टरची परीक्षा त्यानंतर खुशाल घ्या.