नकाशा पास झाला, पण इमारत कोणी तपासली?

डोंबिवलीचं प्रकरण आठवतंय ना? कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या महारेराकडे अपलोड झाल्या, नोंदणी क्रमांक मिळाला आणि तो क्रमांक दाखवून फ्लॅट विकले गेले. अशा ६५ इमारती निघाल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा आत कुटुंबं राहत होती आणि त्यातल्या अनेकांचे होम लोनचे हप्ते सुरू होते.

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर यातली चूक अगदी साधी आहे. सिस्टीम फक्त ‘फाइल जोडली आहे का’ एवढंच बघत होती. ती फाइल खरंच महापालिकेने दिली का, हे ती महापालिकेला विचारतच नव्हती. म्हणून २०२३ पासून महारेरा नोंदणी देण्याआधी संबंधित महापालिका किंवा नगरपालिकेच्या अधिकृत ईमेलवरून प्रमाणपत्राची खात्री करून घेतं. उशिरा सुचलं, पण उपाय बरोबर आहे. खोटा कागद पकडणं हे कॉम्प्युटरला जमणारं काम आहे.

कागद खरा असेल तर काय? खरी गोची तिथे आहे.

२४ ऑगस्ट २०२० ला रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जण गेले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. गुन्हा बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारावर तर दाखल झालाच, शिवाय नगरपालिकेचे तत्कालीन मुख्याधिकारी आणि बांधकाम निरीक्षक यांच्यावरही झाला. म्हणजे प्रश्न सह्या करणाऱ्यांपर्यंत गेला. महाड हे महापालिकेचं शहर नाही, नगरपालिकेचं गाव आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, सगळीकडे हेच. आपल्या जिल्ह्यात एकही महापालिका नाही, धडगावला तर नगरपंचायत आहे. रस्ते, गटारी, पाणी बघणाऱ्या मोजक्या इंजिनियर लोकांकडेच बांधकामाच्या फायलीही असतात.

आता परवानगी ऑनलाइन मिळते. राज्याच्या बीपीएमएस पोर्टलवर आर्किटेक्ट कॅडमध्ये काढलेला नकाशा टाकतो. प्लॉटची हद्द एका लेयरवर, जोतं दुसऱ्या, जिना तिसऱ्या, असं ठरलेलं असतं. सॉफ्टवेअर या रेषा वाचून एफएसआय मोजतं, बाजूला किती अंतर सोडलं ते बघतं, पार्किंग आणि उंची नियमांशी ताडून पाहतं आणि रिपोर्ट देतं. पूर्वी हेच काम स्केल घेऊन हाताने व्हायचं आणि टेबलावर फाइल किती दिवस पडून राहील ते कुणी सांगू शकत नव्हतं. तेव्हा हा बदल चांगलाच आहे, त्यात वाद नाही.

पण सॉफ्टवेअर वाचतं तो नकाशा. कॉलममध्ये सळई किती जाडीची पडली, सिमेंटमध्ये पाणी किती ओतलं, हे त्या फाइलमध्ये नसतंच. इमारत मजबूत आहे असं सांगणारं स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र सोबत जोडलेला एक कागद असतो. जमिनीचंही तसंच. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत गेला नाही तर चार-पाच वर्षांत भिंतींना तडे दिसायला लागतात. शहाद्याच्या शेतकऱ्याला हे माहीत आहे, पोर्टलला नाही.

त्यात नियमही सैल झाले आहेत. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर वेगळी परवानगी लागत नाही. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनियरचा नकाशा जमा करा, शुल्क भरा, पावती हीच परवानगी. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले हे खरं, पण सगळा भार त्या एका सहीवर आला. रेराचा आधारही इथे बऱ्याचदा नसतो, कारण जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडच्या रो-हाऊस आणि छोट्या अपार्टमेंट यातच मोडतात. (ब्रोकर ‘रेरा लागत नाही’ हे कौतुकाने सांगतो. ते कौतुक नाही.)

मग मोबाइल हातात असलेल्या माणसाने काय करावं? फ्लॅट घेत असाल तर व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका. प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन नगरपालिकेत विचारा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागा, फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. रेरा नोंदणी असेल तर जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून महारेराच्या पानावरची कागदपत्रं स्वतः उघडून बघा. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका.

घरचं बांधकाम चालू असेल तर स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी सळईचे, रिंगांचे, कव्हर ब्लॉकचे फोटो जीपीएस कॅमेरा ॲपने काढून ठेवा. एकदा काँक्रीट पडलं की खाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. आणि ठेकेदाराला क्यूब भरायला सांगा. आयएस ४५६ प्रमाणे ६ ते १५ घनमीटर काँक्रीटसाठी दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब. हजार चौरस फुटांचा साधा स्लॅब साधारण यातच बसतो. लॅबचा २८ दिवसांचा रिपोर्ट यायच्या आत स्लॅबचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे करारातच लिहून घ्या. तोंडी सांगितलं तर मिस्तरी हसतो.