ब्रेकची नळी घरी बनवताना

इंदूरला ताईकडे गेलो होतो. भाच्याने गॅलरीत वर्तमानपत्र पसरून पाने-पकडीचा संसार मांडला होता. मध्ये चकचकीत तारेची जाळी असलेली नळी. "मामा, मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा होज पाइप मी स्वतःच बनवतोय," तो म्हणाला. आतून ताईचा आवाज आला, "अरे, ब्रेक म्हणजे काय रेडिओ आहे? बिघडला तर बिघडला!"

दोघांचेही म्हणणे खरे होते.

डिस्क ब्रेकची मूठ आपण दाबतो तेव्हा नळीतले ब्रेक ऑइल तो दाब चाकापाशी नेते. रबरी नळी जुनी झाली की दाबाने किंचित फुगते आणि मूठ स्पंजासारखी मऊ लागते. जाळीच्या नळीत आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची वीण असते. ती फारशी फुगत नाही, म्हणून मूठ घट्ट लागते. पण एवढ्याने गाडी कमी अंतरात थांबेल असे मात्र समजू नका. टायर गुळगुळीत असेल तर नळी काय करणार?

करायचे कसे?

लांबी जुन्या नळीवरून घ्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि पुढचे शॉकअब्सॉर्बर पूर्ण ताणलेले असताना नळी ओढली जात नाही ना, हे पाहा. कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळून मगच सरळ कापा, नाहीतर तारा विस्कटतात. आतला कीस फुंकून काढा.

आधी नट नळीवर चढवा. हे विसरणारे पुष्कळ! मग जाळी हलकेच बाहेर पसरून आतल्या टेफ्लॉनच्या नळीवर ऑलिव्ह नावाची छोटी पितळी कडी शेवटपर्यंत बसवा. जाळी कडीच्या बाहेरून यायला हवी. त्यानंतर जोडाचे टोक नळीत घालून नट आवळा. एकदा दाबली गेलेली कडी पुन्हा वापरू नका. गाडीवर बसवताना बँजोच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घाला आणि नळीला पीळ पडू देऊ नका. उघडी जाळी करवतीसारखी रंग घासते, म्हणून वर प्लॅस्टिकचे आवरण असलेली नळी घ्या.

टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ब्रेक ऑइल सीलबंद बाटलीतून वापरा. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे जुनी उघडी बाटली कामाची नाही. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. शेवटी नळीतली हवा पूर्ण काढा. एबीएस असलेल्या गाडीत हे काम मेकॅनिककडेच सोपवा.

एक तार

भाच्याने हे सारे केले. नळी दिसायला दुकानातल्यासारखी! मी एवढेच म्हटले, "आज चालवू नकोस. मूठ दाबून बांधून ठेव, खाली कोरा कागद घाल." सकाळी कागदावर एक थेंब होता. जोड उघडला तर जाळीची केसासारखी एक तार कडीखाली अडकलेली.

तो थेंब गॅलरीत पडला, हे नशीब. उतारावर, पुढे ट्रक असताना पडला असता तर? आणि लक्षात ठेवा, कागद कोरा राहिला म्हणजे नळी पास झाली असे नाही. आपल्या देशात हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्यांसाठी आयएस ७०७९ हे मानक आहे. अमेरिकेच्या नियमात तर नळीने चौरस इंचाला ४,००० पौंडांचा दाब दोन मिनिटे सोसावा लागतो, आणि हलत्या चाकाबरोबर ती टिकते का हे पाहण्यासाठी तिला ३५ तास सतत हलवतात. गॅलरीत हे होणे नाही.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. ज्या गाडीवर घरची माणसे बसतात, तिला मानकाप्रमाणे तपासलेली तयार नळीच घ्या. हौसेने बनवलीच तर दाबाची चाचणी करून देणाऱ्या हायड्रॉलिक वर्कशॉपमधून ती तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

प्रत्येकाला जमेल असे

महिन्यातून एकदा रबरी नळी वाकवून पाहा. भेगा, फुगवटा, जोडापाशी ओल दिसली तर ती लगेच बदला. मूठ सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर नळी आतून सुजून तेल अडवत असण्याची शक्यता असते. चाक काढताना मेकॅनिक कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

भाच्याने ती नळी काय केली? त्याने तिचे टोक कापले, नवी कडी घालायला घेतली, मग थांबला. नळी कपाटात ठेवली आणि तयार नळी आणून बसवली. ताईने त्या दिवशी प्रथमच त्याला म्हटले, "आता तुला मेकॅनिक म्हणायला हरकत नाही."