पोरगी घरी शिकते, पण तिची नोंद कुठे?

परवा सकाळी साडेदहाच्या सुमारास महापालिका शाळेतल्या एक मॅडम दारात आल्या. हातात फाइल, कपाळावर घाम. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं.

"सहा ते चौदा वयाचं घरात कोण आहे का, ताई?"

"मुलगी आहे, सात वर्षांची."

"शाळा कुठली?"

"शाळेत नाही घातली. घरीच शिकवतो."

मॅडम फॉर्मकडे बघत राहिल्या. शाळा सोडलेलं मूल त्यात होतं, कधीच शाळेत न गेलेलं मूलही होतं. आमची त्यातली कुठली? ती आत बसून हरभऱ्याचे दहा-दहाचे ढीग करत होती. मॅडमनी तिच्या हातात पेपर दिला, तिनं मथळा घडाघडा वाचला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "छान! तुझ्या मैत्रिणी कोण कोण गं?"

पोरगी बोटं मोजायला लागली. "एक तबल्यातली, एक स्केटिंगमधली, दोन बालसंस्कारमधल्या."

नाव एकीचंही घेतलं नाही, सगळी क्लासची नावं. मॅडम काही बोलल्या नाहीत. पण मला ते लागलं, म्हणून हे लिहितेय.

आधी आमची बाजू सांगते. शाळा वाईट असते असं माझं मत नाही, मी स्वतः कोल्हापुरातल्या साध्या मराठी शाळेत शिकले. पण सिनियर केजीत पोरीला रोज चार-चार पानं गिरवायला यायची. सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडायची, रविवारी मात्र पोट बरं असायचं. शाळेत दोनदा बोलून बघितलं, उपयोग झाला नाही. ह्यांचं काम घरूनच चालतं, मी शिकवण्या घेते. म्हटलं, दोन वर्षं बघू. आज ती मराठी वाचते, पैशाचा हिशेब करते आणि बाजारात माझ्याआधी सुट्टे मोजते. सकाळचे दोन तास नीट बसलं की एवढ्या लहान मुलाला पुरतं, हा माझा अनुभव.

प्रश्न उरलेल्या दिवसाचा होता. "शाळेत नाही तर काय करते?" हे नातेवाइकांनी इतक्यांदा विचारलं की आम्ही उत्तर म्हणून वेळापत्रकच भरून टाकलं. सोमवार-गुरुवार तबला, मंगळवार-शुक्रवार स्केटिंग, बुधवारी चित्रकला, शनिवारी गीता पाठांतर, रविवारी बालसंस्कार आणि रोज संध्याकाळी आजीबरोबर हरिपाठ. शाळेचं ओझं नको म्हणून घरी ठेवलेल्या पोरीला आम्ही आठवड्याला सात क्लास लावले होते.

हरिपाठाबद्दल मला अजिबात पस्तावा नाही. तिचे उच्चार त्यानं सुधारले, पाठांतर वाढलं आणि सासूबाईंशी तिचं जे नातं जमलं ते कुठल्याही फीमध्ये मिळालं नसतं. आपल्या घरात जे आहे ते मुलांना द्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चर्चचा रविवारचा वर्ग असो, मदरशातला सकाळचा तास असो की गुरुद्वारातली सेवा, प्रत्येक घर हेच करत असतं.

पण गेल्या रमजानची गोष्ट. खालच्या मजल्यावर नवीन कुटुंब राहायला आलं, त्यांना हिच्याच वयाची मुलगी. आमच्या पोरीनं तिला विचारलं, "तुझी आजी हरिपाठ किती वाजता म्हणते?" ती म्हणाली, "आमच्यात हरिपाठ नसतो, नमाज असते." आमची धावत वर आली. "आई, हरिपाठ नसलेली घरंपण असतात?"

कोल्हापुरात जन्मलेल्या पोरीला हा प्रश्न सातव्या वर्षी पडतो! या गावात मोहरमचे पंजे बघायला हिंदू घरातली माणसं लेकरांना खांद्यावर घेऊन जातात. मी तिच्या वयाची असताना माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या डब्यातला शीरखुर्मा खाल्ला होता आणि माझ्या डब्यातली पुरणपोळी तिनं. ती मैत्रीण माझ्या आईबापांनी निवडलेली नव्हती, बाईंनी उंचीप्रमाणे शेजारी बसवलेली होती. माझ्या पोरीच्या आयुष्यात आलेलं प्रत्येक माणूस मात्र आम्ही निवडलेलं आहे. तिथे फी परवडणारेच येतात, आणि बालसंस्कारला तर आमच्यासारखेच. घरी शिकवण्याचा खरा धोका अभ्यास बुडण्याचा वाटत नाही मला, हा वाटतो.

याच मातीत शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मूल एकट्या आईबापांचं नसतं, त्याचा स्वतःचाही हक्क असतो, हे त्यात धरलेलं होतं. आमच्यासारख्यांना दंड करा असं मी म्हणत नाही, पण तो विचार आम्हालाही लागू होतो.

आजचा कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय, पण न केल्यास पालकाला शिक्षा नाही. घरी शिकवण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष परीक्षा देता येतात, दहावी-बारावीही करता येते. म्हणजे रस्ता आहे. पण आज, सातव्या वर्षी, माझी पोरगी कुणाच्याच वहीत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. घरी शिकणाऱ्या मुलांची जवळच्या शाळेत नोंद करा. वर्षातून एकदा शिक्षकांनी घरी यावं, मुलाशी बोलावं, काय वाचतंय-लिहितंय ते बघावं. आणि त्या मुलाला आठवड्यातून एक दिवस शाळेत बसू द्यावं.

घरी शिकवणारे माझे काही मित्र यावर चिडतील. "सरकारला कशाला घरात घेतेस?" भीती खोटी नाही, आज नोंद तर उद्या अभ्यासक्रमही लादतील. पण दुसरी बाजू बघा. "घरीच शिकवतो" हे वाक्य मी म्हणते, तसंच ते बारा वर्षांच्या पोरीला धुणीभांडी करायला घरी ठेवून लग्न ठरवणारा बापही म्हणू शकतो. फॉर्मवर आम्ही दोघं सारखेच दिसतो. आमच्या सोयीसाठी तिच्या घराचं दार बंद राहावं, हे मला पटत नाही. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन तिला, तिच्या तोंडून विचारलं पाहिजे.

मॅडम जाताना म्हणाल्या, "शाळेत आता आनंददायी शनिवार असतो. खेळ, गाणी, गोष्टी. पाठवा की. हेडसरांना विचारून सांगते." अजून निरोप आलेला नाही. पण आम्ही गीता पाठांतर सोडून बाकीचे क्लास बंद केलेत आणि पाठांतराच्या ताईंना शनिवारऐवजी दुसरा वार मागितलाय. संध्याकाळी हरिपाठ होईपर्यंत पोरगी खालच्या मजल्यावर असते. कालच तिनं मला त्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, तिच्या दोन्ही भावांच्या नावासकट.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, अशा मुलाला शनिवारी वर्गात बसवायला अडचण काय येते? हजेरीची, विम्याची, की वरून परवानगीची? माहिती असेल तर खाली लिहा. आणि घरी शिकवणाऱ्यांनो, तुम्हीही एकदा मुलांना मैत्रिणींची नावं विचारून बघा.