मनातले हस्ताक्षर

वाचकहो, फराळाचे ताट जरा बाजूला सारा आणि एक गंमत करून पाहा. हात मांडीवर स्वस्थ ठेवा, डोळे मिटा आणि मनातल्या मनात आपले नाव लिहा. शिरोरेघ आधी दिलीत की शेवटी? शेजारी बसलेल्या माणसाला याचा पत्ताही लागणार नाही. मग असे न लिहिलेले अक्षर दुसऱ्याला वाचता येईल का?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ते वाचले गेले. फ्रँक विलेट, मेंदूचे शस्त्रवैद्य जेमी हेंडरसन, कृष्णा शेणॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची हकीकत मे २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. प्रयोगाला बसलेले गृहस्थ पासष्टीचे. २००७ साली मज्जारज्जूला इजा झाली आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. हातात उरली ती केवळ किंचित थरथर.

पण हात थांबला म्हणून मेंदूतला हाताचा कारभार थांबत नाही! त्या भागावर औषधाच्या लहान गोळीएवढ्या दोन चकत्या बसवल्या होत्या. प्रत्येकीला शंभराच्या आसपास बारीक काटे. जवळच्या पेशींमधून विजेची स्पंदने उठली की ती हे काटे टिपतात.

या स्पंदनांचा अर्थ लावण्याची एक किल्ली १९८० च्या दशकातच सापडली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्टोलोस जॉर्जोपोलोस यांनी माकडांच्या मेंदूत पाहिले, की प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते. हात त्या दिशेला निघाला की ती जोरात बोलते, उलट दिशेला निघाला की मंदावते. एकट्या पेशीवर भरवसा ठेवता येत नाही. पण दहाजणांनी दहा बाजूंनी दोर ओढावा आणि ओझे एका दिशेला सरकावे, तसा अनेक पेशींचा कौल एकत्र केला की हात कुठे जाणार ते कळते.

या विद्येच्या आधारे पूर्वी रुग्ण पडद्यावरचा बाण मनाने सरकवून अक्षरे निवडत. वेग मिनिटाला चाळीस अक्षरांच्या आसपास. विलेट यांनी वेगळे सुचवले : हातात पेन आहे असे समजा आणि रेघांच्या कागदावर खरोखरच लिहायचा प्रयत्न करा. वेग गेला मिनिटाला नव्वद अक्षरांवर! शंभरातली चौऱ्याण्णव बरोबर.

असे का व्हावे? एका कळीकडून दुसरीकडे जाणाऱ्या सरळ रेषा एकमेकींसारख्याच दिसतात. अक्षराला मात्र वळणे असतात, आणि प्रत्येकाचे वळण निराळे. म्हणून यंत्राला ते चटकन ओळखू येते. बालपणी गिरवलेल्या वळणांचा असा उपयोग होईल, हे कुणा पंतोजीला सुचले असते?

लगेच हुरळून जाऊ नये. कवटी उघडावी लागते, तारा कातड्यातून बाहेर येतात, आणि मेंदूतले संकेत दिवसागणिक बदलत असल्याने यंत्राला पुन्हा धडे द्यावे लागतात. शिवाय हा प्रयोग एका माणसावरचा, आणि इंग्रजी लिपीतला. आणि हो, मनातली गुपिते हे यंत्र वाचत नाही. हात जे लिहू पाहतो, तेवढेच वाचते.

शेणॉय जानेवारी २०२३ मध्ये निवर्तले. त्यांचे काम सहकारी पुढे नेत आहेत.

ज्यांच्या घरी असे दुखणे आहे, त्यांना या कामाचे मोल सांगायला नको. पाणी हवे की पांघरूण, हे माणसे डोळ्यांवरून ओळखतात. पण आजाऱ्यालाही कधी रागवायचे असते, कधी थट्टा करायची असते, आणि दिवाळीला दूरच्या भावाला चार ओळी लिहायच्या असतात. त्या ओळी दुसऱ्याने ओळखून चालत नाही. त्या ज्याच्या त्यानेच लिहायच्या असतात.