मूळ संच, नवी वाटणी

हल्ली कुठल्याही भांडणाची बातमी तिसऱ्या ओळीत 'इगो'पाशी येऊन थांबते. नवरा-बायकोचं फाटलं, इगो. युती तुटली, इगो. सोसायटीच्या सेक्रेटरीने राजीनामा दिला, तोही इगो. या सदरात 'टॉक्सिक' आणि 'व्हाइब' यांची पुरेशी बदनामी करून झाली आहे, तेव्हा आता याची पाळी. या शब्दावर राग असण्याचं कारण सोपं आहे. तो उच्चारला की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही आणि हिशेबाची वही उघडायची राहून जाते. त्याचा सर्वांत आळशी वापर कुठे होत असेल तर तो जुन्या रॉक बँडच्या पुनर्मीलनाबद्दल बोलताना. आपल्याकडे गाजलेलं नाटक वीस वर्षांनी 'मूळ संचात' येतं, तसे हे बँडही येतात. जाहिरातीत सगळे हसतात, तिकिटं संपतात आणि वर्षा-दोन वर्षांत कुणीतरी दार आपटून निघून जातं. मग जाणकार मान हलवून म्हणतात, इगो! यावर माझं म्हणणं थोडक्यात असं की ही भांडणं स्वभावाची कमी आणि वाटणीची जास्त असतात. मराठी माणसाला यासाठी इंग्रजी शब्द उसना घ्यायची गरजच नाही. भाऊबंदकी हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे.

डीप पर्पल घ्या. इयन गिलन, रिची ब्लॅकमोर, जॉन लॉर्ड, रॉजर ग्लोव्हर, इयन पेस हा संच १९६९ ते १९७३ टिकला. मग फुटला, १९८४ मध्ये 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' घेऊन पुन्हा जमला. १९८९ मध्ये गायक गिलनला काढलं, बँडची पंचविशी तोंडावर आली तेव्हा परत बोलावलं, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर दौरा अर्धवट सोडून ब्लॅकमोर गेला तो कायमचा. त्या वर्षीच्या अल्बमचं नाव 'द बॅटल रेजेस ऑन', म्हणजे लढाई चालू आहे. त्याच दौऱ्यातल्या बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमाचं चित्रण उपलब्ध आहे. पहिलं गाणं सुरू झालंय आणि गिटारवाला ब्लॅकमोर मंचावर नाही. चौघे वाजवतायत, गिटारची जागा रिकामी. सोलोची वेळ आल्यावर स्वारी उगवते, मधेच पुन्हा आत जाते आणि कॅमेरावाल्याच्या दिशेने पाणी भिरकावते. एवढं पाहिलं की कुणीही 'इगो' म्हणेल, आणि ते खोटंही नाही. पण या पाच माणसांचे स्वभाव १९७० मध्येही हेच होते. त्या स्वभावांसकट त्यांनी तीन वर्षांत चार अल्बम काढले. मग १९८४ नंतर वेगळं काय झालं, हा खरा प्रश्न.

वेगळी झाली ती गाण्याखालची नावं. रॉकच्या धंद्यात पैसा दोन नळांनी येतो. एक नळ कार्यक्रमाचा आणि रेकॉर्डविक्रीचा, तो वाजवणाऱ्यांना मिळतो. दुसरा नळ गाण्याच्या मालकीचा, म्हणजे शब्द आणि चाल ज्यांच्या नावावर असते त्यांचा. रेडिओवर वाजलं, सिनेमात वापरलं, दुसऱ्या कुणी गायलं की या दुसऱ्या नळाला पाणी येतं, आणि बँड फुटल्यावरही येत राहतं. सत्तरच्या दशकात या पाच जणांचा रिवाज असा की चाल कुणालाही सुचो, नावं पाचांची. 'स्मोक ऑन द वॉटर'चा तो जगप्रसिद्ध गिटारचा तुकडा ब्लॅकमोरचा, नाव सुचलं ग्लोव्हरला, शब्द मुख्यतः गिलनचे, पण मालकीत ड्रमर पेस आणि ऑर्गनवाला लॉर्डसुद्धा. एकत्र कुटुंबाचा कारभार. मधल्या अकरा वर्षांत मात्र प्रत्येकाची चूल वेगळी झाली होती. ब्लॅकमोरने 'रेनबो' नावाचं स्वतःचं घर थाटलं, तिथे कर्ता तोच, माणसं ठेवायचा-काढायचा तोच, आणि ग्लोव्हर काही वर्षं त्याच्या हाताखाली होता. असा माणूस जुन्या घरी परतला तर तो पाचातला एक म्हणून कसा राहील? 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'वरच्या बहुतेक गाण्यांखाली ब्लॅकमोर, गिलन आणि ग्लोव्हर अशी तीनच नावं आहेत. लॉर्ड आणि पेस वाजवतायत, पण सातबाऱ्यावर नाहीत. ज्याने लिहिलं त्याचं नाव, हा युक्तिवाद चुकीचा म्हणता येत नाही. पण घर एकत्र होतं तेव्हाच्या आठवणीवर तिकीट विकायचं आणि आत वाटणीपत्र नवं, हा व्यवहार फार दिवस सुखाचा होत नाही.

ईगल्सची गोष्ट तर दिवाणी दाव्यासारखीच वाचावी लागते, कारण ती शेवटी दावा झालीच. ३१ जुलै १९८० ला लाँग बीचच्या मंचावर ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर दोन गाण्यांच्या मधल्या अवकाशात एकमेकांना धमक्या देत होते: अजून इतकी गाणी उरली, मग बघतो तुला. प्रेक्षकांना ऐकू येत होत्या त्या मधाळ, एकावर एक चढवलेल्या आवाजांच्या लडी. चौदा वर्षांनी ते पुन्हा जमले, दौऱ्याचं नाव 'हेल फ्रीझेस ओव्हर'. नरक गोठेल तेव्हाच एकत्र येऊ असं त्यांच्यातला डॉन हेनली म्हणाला होता, म्हणून. आता फेल्डरचं म्हणणं पाहा: पूर्वी नफा समान वाटला जायचा, १९९४ मध्ये फ्राय आणि हेनली यांनी स्वतःला मोठा हिस्सा मागितला. फेल्डर हिशेब विचारत राहिला. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याला काढलं, तो कोर्टात गेला, प्रकरण २००७ मध्ये बाहेरच्या बाहेर मिटलं. फ्राय-हेनलींची बाजू पोकळ नव्हती. बहुतेक हिट गाणी त्यांनी लिहिली आणि गायली होती, ऐंशीच्या दशकात एकट्याच्या नावावर दोघे चालले होते, फेल्डर तितका चालला नव्हता. बाजारभावाने दोघांचा हिस्सा वाढायलाच हवा. पण बाजारभाव कसला लावायचा? शंभर डॉलरच्या वरचं तिकीट काढून आलेला माणूस 'हॉटेल कॅलिफोर्निया'साठी आला होता, आणि त्या गाण्याची स्वरावली घरच्या टेपवर पहिल्यांदा वाजवली ती फेल्डरने. शेवटी दोन गिटार एकमेकींत गुंफत जातात, त्यातली एक त्याची. मालकीतही त्याचं नाव आहे. पुनर्मीलनात विकली जाते ती १९७६ ची वस्तू. तिला १९९४ चा दर लावायचा की जुना, यावर दोन प्रामाणिक माणसांचंही एकमत होणार नाही.

इथे ड्रमरबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण वाटणीत पहिला मार त्याच्यावर पडतो. कायद्याच्या लेखी गाणं म्हणजे शब्द आणि स्वर. ठेका म्हणजे सहसा काहीच नाही. एखाद्या गाण्याची ओळख पहिल्या दोन सेकंदांच्या ड्रमवर पटत असली तरी ड्रमर तिथे मजूर ठरतो, इमारतीचा भागीदार ठरत नाही. द पोलिसचा स्ट्युअर्ट कोपलंड हा त्या बँडचा संस्थापक. तो नसता तर बँडच नसता, आणि रेगेचा तो उलटा, डुगडुगता ठेका नसता तर ती गाणी बारमध्ये वाजणाऱ्या शंभर गाण्यांसारखीच राहिली असती. पण मालकी जवळपास सगळी स्टिंगची. गिटारवाल्या अँडी समर्सचंही तेच. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' म्हटल्यावर बोटांना आठवते ती समर्सची चाल, पण १९९७ मध्ये पफ डॅडीने तोच तुकडा उचलून गाणं केलं तेव्हा मालकीचा पैसा गेला स्टिंगकडे. २००७ मध्ये तिघे पुन्हा जमले. व्हँकुव्हरच्या सुरुवातीच्या कार्यक्रमांनंतर कोपलंडने आपलं वाजवणं कसं फसलं ते स्वतःच जाहीरपणे लिहून टाकलं, आणि सगळ्यांना वाटलं की आता फुटणार. फुटला नाही. दीडशेच्या आसपास कार्यक्रम झाले, ऑगस्ट २००८ मध्ये दौरा ठरल्याप्रमाणे संपला, कारण कार्यक्रमाचा नळ वेगळा होता. त्यावर भांडण नव्हतं. २०२५ मध्ये कोपलंड आणि समर्स लंडनच्या हायकोर्टात गेले ते दुसऱ्या नळासाठी: जुन्या कराराचा स्ट्रीमिंगच्या काळात अर्थ काय लावायचा, यासाठी. ओएसिसचा पहिला ड्रमर टोनी मॅक्कॅरोल याला १९९५ मध्ये काढलं, तो कोर्टात गेला आणि १९९९ मध्ये साडेपाच लाख पौंड घेऊन गप्प झाला. ब्लॅक सॅबथच्या बिल वॉर्डने तर २०१२ मध्ये सांगूनच टाकलं की मला सही करता येईल असा करारच समोर ठेवलेला नाही. बाकीचे तिघे पुढे गेले, '१३' हा अल्बम २०१३ मध्ये आला, त्यावर ड्रम दुसऱ्याने वाजवले. ड्रमर रागीट असतात असा समज आहे. त्यांना दिलं जाणारं वाटणीपत्र वाचलं तर कुणीही रागीट होईल. असो, ड्रमरांचं गाऱ्हाणं गायला बसलो तर पान पुरणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल की ब्लॅकमोरने तर पैसा लाथाडला. पुढचा जपान दौरा ठरलेला होता, तो सोडून तो गेला. मग हे वाटणीचं भांडण कसं? उत्तर असं की वाटणी फक्त पैशाची नसते. कोण गाणार, कोण राहणार, हे ठरवण्याचा अधिकार हाही हिस्साच. गिलनला परत आणा, हा आग्रह रेकॉर्ड कंपनीचा आणि इतरांचा होता. ब्लॅकमोरच्या दृष्टीने त्याचं कर्तेपण तिथेच गेलं, पैसा जाण्याआधी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार. असमान वाटणी हेच कारण असेल तर रोलिंग स्टोन्स कसे टिकले? तिथे तर बहुतेक गाण्यांखाली जॅगर आणि रिचर्ड्स हीच दोन नावं, बाकीचे नुसते वाजवणारे. याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट वाटते. स्टोन्समध्ये असमानता जवळजवळ सुरुवातीपासून होती, ज्याला पटली नाही तो मधे निघून गेला आणि गाडी पुढे गेली. असमान हिस्सा माणूस सोसतो. जेवताना ताट मागे ओढलं तर सोसत नाही. समान हिश्शाची सवय लावून, मधे दहा-पंधरा वर्षं घालवून, 'आपण पुन्हा पूर्वीसारखे' अशी हाक मारून बोलवायचं आणि दारात नवा कागद पुढे करायचा, हे पुनर्मीलनातच घडतं. म्हणून मूळ संच पुन्हा जमतो तेव्हाच जास्त भांडतो.

तिसरा आक्षेप ओएसिसच्या चाहत्यांचा. २००९ मध्ये पॅरिसला फुटलेले गॅलाघर बंधू जुलै २०२५ मध्ये कार्डिफला एकत्र उभे राहिले आणि नोव्हेंबरात साओ पावलोपर्यंत दौरा विनाभांडण पार पडला. इगोच्या हिशेबाने हे दोघे तिसऱ्याच कार्यक्रमात एकमेकांच्या डोक्यात गिटार घालायला हवे होते, कारण जगात या भावांहून मोठा इगो शोधूनही सापडणार नाही. त्यांचं का टिकलं? गाणी जवळपास सगळी नोएलची, हे १९९४ पासून ठरलेलं आहे. लियम गातो, नोएल लिहितो, ही वाटणी पुनर्मीलनाने बदलली नाही. ड्रमर पगारी आणला, तोही जुना नव्हे. पुढेमागे भांडतील ते कदाचित, भाऊ आहेत. पण त्या दौऱ्याने इगोचा सिद्धान्त पुरता उघडा पाडला, हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही.

आणि डीप पर्पलचं पुढे काय झालं, ते पाहण्यासारखं आहे. ब्लॅकमोर गेल्यावर आधी जो सॅट्रियानी, मग स्टीव्ह मॉर्स आला. एप्रिल १९९५ मध्ये मुंबईकरांनी डीप पर्पल पाहिली ती या नव्या गिटारवाल्यासह, आणि 'ब्लॅकमोर नाही तर काय उपयोग' म्हणून हळहळलेही असतील. पण १९९६ चा 'पर्पेंडिक्युलर' उलटून पाहा: गाण्यांखाली पुन्हा पाच नावं, नुकत्याच आलेल्या मॉर्ससकट. मॉर्स २०२२ पर्यंत राहिला आणि घरच्या कारणाने गेला. ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा एकत्र केल्या तरी त्याच्याहून कितीतरी जास्त वर्षं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी समान हिस्सा देणारं घर टिकलं आणि जुन्या संचाचं घर नऊ वर्षांत दोनदा मोडलं. रसिकांनी मात्र जन्मभर जुना संचच मागितला.

मूळ संच पाहायचाच असेल तर तो वाटायला काही नसताना पाहावा. पिंक फ्लॉइडचे चौघे २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह ८'साठी जमले, पैसा कुणालाच मिळणार नव्हता, चार गाणी झाली, गळ्यात हात पडले. त्या चारांतलं एक 'मनी' होतं. दौऱ्याचे प्रस्ताव आले तेव्हा त्यांचा गिटारवाला गिल्मर नाही म्हणाला, आणि त्याला तेव्हा पुष्कळांनी इगोवाला ठरवलं. माझ्या मते त्याच्याइतका हिशेब कुणालाच कळला नव्हता. बिल वॉर्डला त्याच्या करारासाठी तेरा वर्षं थांबावं लागलं. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, मिळणारा पैसा धर्मादाय संस्थांना जाणार या बोलीवर, तो सत्त्याहत्तराव्या वर्षी ब्लॅक सॅबथच्या ड्रमवर बसला. मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र वाजले. चारच गाणी. सतराव्या दिवशी त्यांचा गायक ऑझी ऑझबर्न गेला.