पानं भारी असताना गप्प बसावं का?

पोकरचं नाव काढलं की गोव्यात गप्पा थेट मांडवीत नांगरलेल्या जहाजांवर जातात. कॅसिनो हवेत की नकोत, सरकारला महसूल किती मिळतो, पणजीच्या नदीकाठाची काय दशा झाली, वगैरे. ती चर्चा व्हायलाच हवी. पण या सगळ्या गदारोळात तो खेळ मुळात आहे तरी काय, यावर मराठीत कुणी चार ओळी लिहीत नाही. पत्त्यांवर जीव असलेली माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? चवथीच्या रात्री जागवताना ज्यांचे हात पिसून पिसून दुखले नाहीत, असे गोंयकार शोधावे लागतील.

म्हणून आज कॅसिनो बाजूला ठेवून खेळातल्याच एका प्रश्नावर लिहितो. आपल्या हातात भारी पानं आहेत. समोरचा माणूस आक्रमक आहे, बोली वर बोली चढवतोय. अशा वेळी गप्प बसून त्याला चढू द्यावं, की तिथल्या तिथे उलट वार करावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. गप्प बसण्याचं आपण नको तेवढं कौतुक करतो. ते कौतुक अर्धं तीन पत्तीतून आलंय आणि अर्धं एका सिनेमातून.

आधी खेळ थोडक्यात

ज्यांना नो-लिमिट होल्डेम ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकलेली. मग टेबलाच्या मधोमध सगळ्यांच्या सामायिक मालकीची पाच पानं उघडतात. आधी एकदम तीन, त्याला म्हणतात फ्लॉप. नंतर एक, तो टर्न. शेवटी आणखी एक, तो रिव्हर. या सातांतून ज्याची पाच पानं सर्वात भारी तो जिंकला. झाकलेली पानं मिळाल्यावर एकदा आणि मग प्रत्येक टप्प्यावर एकदा, अशा पैसे लावायच्या चार फेऱ्या. नो-लिमिट म्हणजे कुठल्याही फेरीत समोरचे सगळे चिप्स ढकलून देता येतात. समोरच्याने बोली लावली की तीन वाटा: पानं टाका, तेवढेच पैसे घाला म्हणजे कॉल करा, किंवा वाढवा म्हणजे रेज करा. कुणीच बोली लावली नसेल तर पैसे न घालता पुढे जाता येतं, त्याला चेक म्हणतात.

हुकमाचा एक्का इथे चालत नाही

आपण लहानपणापासून मेंढीकोट खेळत आलो. तिथे पानाचं मोल पानातच असतं. हुकमाचा एक्का केव्हाही टाका, तो हात घेऊनच येणार. समोरचा शांत आहे की तापट, याने एक्क्याला काही फरक पडत नाही.

पोकरमध्ये हे गणित उलटं आहे. हातात सर्वात भारी पानं आली आणि समोरच्यांनी पानं टाकून दिली, तर मिळतात टेबलावरची चार चिल्लर. म्हणजे पान कितीही मोठं असो, त्याची किंमत समोरचा माणूस ठरवतो. आणि समोरचा जेव्हा आक्रमक असतो तेव्हा तो ही किंमत आपणहून देत असतो. आपण न मागता पैसे घालत असतो. मग त्याला थांबवायचं कशाला, असा विचार साहजिकच मनात येतो.

तीन पत्तीत हा विचार अगदी बरोबर आहे. तीन एक्क्यांची ट्रेल आली की कसलेला खेळाडू चेहरा पाडून बसतो, छोट्या छोट्या चाली देतो आणि समोरच्या फुशारक्याला चढू देतो. यात धोका काहीच नाही. का? कारण तीन पत्तीत वाटलेली पानं बदलत नाहीत. पहिल्या चालीला ट्रेल होती ती शेवटच्या शोपर्यंत ट्रेलच राहते. गप्प बसणं तिथे फुकट आहे.

होल्डेममध्ये प्रत्येक टप्प्यावर नवं पान उघडतं, आणि ते पान दोघांचंही असतं. आता भारी असलेला हात पुढच्याच पानाला दुसऱ्या नंबरचा होऊ शकतो. म्हणजे गप्प बसायला इथे किंमत पडते. तीन पत्तीतून होल्डेमकडे वळलेल्या आपल्या लोकांचं नेमकं इथेच चुकतं, असं मला वाटतं.

१९८८ चा तो डाव

आता सिनेमाकडे वळू. १९९८ साली मॅट डेमनचा 'राउंडर्स' आला. त्यात १९८८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा शेवटचा डाव दाखवला आहे. तो अगदी खरा डाव, लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोतला. एका बाजूला आदल्या वर्षीचा विजेता जॉनी चॅन, दुसऱ्या बाजूला एरिक सायडल नावाचा तरुण, ज्याची ही पहिलीच मोठी स्पर्धा.

चॅनकडे किलवरचा गुलाम आणि किलवरची नव्वी. सायडलकडे राणी आणि सत्ती. फ्लॉपला आलं काय, तर राणी, दश्शी, अठ्ठी. सायडलला राण्यांची जोडी लागली. टेबलावरच्या सर्वात मोठ्या पानाची जोडी, आणि दोघांतच डाव असताना ही पानं चांगलीच भारी. पण चॅनची अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग पाच पानं जुळली होती. त्या क्षणी त्याहून वरचा हात शक्यच नव्हता. चॅनने कुठेच आरडाओरडा केला नाही. रिव्हरला त्याने नुसतं चेक केलं. सायडलने सगळे चिप्स पुढे ढकलले, चॅनने कॉल केला, आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी तो विश्वविजेता झाला. बक्षीस ७ लाख डॉलर.

सिनेमा पाहिलेल्या एका पिढीने यातून धडा घेतला तो असा: भारी पानं आली की मांजरासारखं दबा धरून बसायचं. माझं म्हणणं, धडा अर्धवट घेतला. त्या डावात दबा धरायला चॅनला खर्च काय होता, हे पाहा ना. फ्लॉपची तिन्ही पानं वेगवेगळ्या रंगांची होती, त्यामुळे कुणाचा कलर होण्याची धास्ती जवळजवळ नव्हती. सायडलला जिंकायचं तर पुढची दोन्ही पानं लागोपाठ त्याच्या मनासारखी यायला हवी होती. एका पानाने भागणार नव्हतं. टर्नला आली दुर्री, आणि तीही वाट बंद झाली. चॅनला अर्थात समोरची पानं दिसत नव्हती. पण टेबलावरची पानं दिसत होती, आणि त्यांच्यात धोका फार थोडा होता.

म्हणजे चॅन गप्प बसला तो फक्त स्वभावाने संयमी होता म्हणून नव्हे. दोन गोष्टी जुळल्या होत्या. टेबल कोरडं होतं आणि समोरचा बोली लावायच्या तयारीत होता. यातली एक जरी नसती तरी तोच संयम महागात पडला असता.

आणि सायडलचं काय? त्याचीही पानं भारीच होती की. पण शेवटी सगळे चिप्स ढकलताना एक प्रश्न विचारायचा राहिला: माझ्यापेक्षा हलकी पानं घेऊन या बोलीला कॉल कोण करणार? जवळजवळ कुणीच नाही. कॉल करणार तो वरचढ पानंवालाच. असं असताना चेक करून पानं दाखवणं बरं. भारी पानांचा हा दुसरा सापळा, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. हा सायडल पुढे फार मोठा खेळाडू झाला, २०१० मध्ये पोकर हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि २०२३ मध्ये त्याने वर्ल्ड सिरीजचं दहावं ब्रेसलेट जिंकलं. पण सिनेमामुळे लोकांच्या लक्षात राहिला तो हा एक डाव.

टेबल ओलं असेल तेव्हा

आता उलटं उदाहरण घेऊ. तुमच्याकडे इस्पीक आणि चौकट अशा दोन अठ्ठ्या आहेत. फ्लॉपला येतात बदाम राजा, बदाम नव्वी आणि किलवर अठ्ठी. तीन अठ्ठ्या झाल्या, हात फारच भारी. मध्ये जमलेत १००० रुपये. समोरचा आक्रमक गडी ६०० लावतो.

दबा धरणारा इथे नुसता कॉल करतो आणि मनात हसतो. पण टेबल पाहा. दोन बदाम उघडे आहेत. समोरच्याच्या हातात आणखी दोन बदाम असतील तर पुढच्या एका पानाला त्याचा कलर होण्याची शक्यता साधारण पाचात एक. गुलाम-दश्शी असेल तर राणी किंवा सत्ती आली की त्याची सलग पाच झाली. शेवटपर्यंतचा हिशेब केला आणि तुमच्या तीन अठ्ठ्यांवर आणखी जोडी लागून फुल हाऊस होण्याची आशाही धरली, तरी कलरवाला साधारण चारात एकदा तुम्हाला हरवतो.

म्हणून इथे रेज करून २००० करायचं. आता त्याला आणखी १४०० घालायचे आहेत आणि ते घातल्यावर पॉट होईल ५०००. म्हणजे त्याची जिंकण्याची शक्यता निदान २८ टक्के असेल तरच तो कॉल फायद्याचा. एका पानाला ती आहे फार तर वीस टक्के. पुढे आणखी पैसे काढता येतील या आशेवर तो येईलही, पण तुम्ही त्याला चुकीचा भाव द्यायला लावला. नुसता कॉल केला असता तर त्याने स्वतःच ठरवलेल्या स्वस्त भावात पुढचं पान पाहिलं असतं. शिवाय तिसरा बदाम पडला की मग तुमच्यापेक्षा हलकी पानंवाला घाबरून थांबतो आणि वरचढ पानंवाला सुटतो. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

आक्रमक माणसं तीन तऱ्हेची

टेबलानंतर माणूस. 'तो आक्रमक आहे' एवढ्याने काही कळत नाही. मला तीन जाती दिसतात.

पहिला, हातात काही नसताना तिन्ही वेळा बोली लावत राहणारा. याला रेज केलं की तो पानं टाकून मोकळा होतो, आणि त्याच्या ब्लफचे पुढचे पैसे तुमच्या हातून जातात. याच्यासमोर चॅन व्हावं. कॉल करत राहावं.

दुसरा, फ्लॉपला एकदा जोरात ओरडून नंतर थंड पडणारा. याच्यासमोर वाट पाहत बसलात तर वाटच पाहत राहाल. तोही चेक, तुम्हीही चेक, आणि पॉट वाढतच नाही. इथे टर्नला बोली आपणच लावायची.

तिसरा, स्वतःच्या पानांच्या प्रेमात पडलेला. एक राजा मिळाला की त्याला सिंहासन मिळाल्यासारखं वाटतं आणि तो पानं टाकायला तयारच होत नाही. याच्यासमोर गप्प बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. लगेच वाढवा, पुन्हा वाढवा. तो पैसे द्यायला तयार आहे, घ्यायला तुम्हालाच लाज वाटतेय!

गंमत म्हणजे या तिघांनाही आपण एकच शब्द वापरतो, आणि तिघांवर एकच औषध देतो.

आता पैशांचं

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, हिशेब जमला की घर चाललं. तसं नाही. दोन एक्के हातात घेऊन दोन राजांविरुद्ध सगळे पैसे लावले तरी साधारण पाचात एकदा राजे जिंकतात. याच जॉनी चॅनला १९८९ च्या अंतिम डावात २४ वर्षांच्या फिल हेलम्युथने नव्व्यांच्या जोडीवर हरवलं. त्यात भर म्हणजे पोकरमध्ये कॅसिनो तुमच्याविरुद्ध पत्ते खेळत नसला, तरी पॉटमधून स्वतःचा हिस्सा उचलतोच. शेजारी बसलेल्यांपेक्षा थोडं चांगलं खेळणं पुरत नाही. तो हिस्सा भागवण्याइतकं चांगलं खेळावं लागतं, आणि तसं खेळणारे फार थोडे. खेळात कौशल्य आहे हे खरं आणि बहुतेकांचे पैसे जातात हेही खरं. एक म्हटलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

गोंयकारांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. त्या कायद्यांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांनी बोलावं. मला त्यांच्याशी आज वाद घालायचा नाही.

पण पैसे बाजूला काढल्यावर खेळ शिल्लक राहतो, आणि तो चांगला आहे. समोरचा आवाज चढवतोय तेव्हा आधी आपली पानं नव्हे, टेबल बघायचं, मग माणूस बघायचा, आणि मग ठरवायचं गप्प बसायचं की बोलायचं. आपल्याकडे पंचायतीच्या सभेपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत कित्येकजण भारी पानं हातात घेऊन गप्प बसतात आणि त्याला शहाणपण म्हणतात. तोवर तिसरा बदाम पडून गेलेला असतो.

येत्या चवथीला मेंढीकोटाचा कंटाळा आला तर एक रात्र होल्डेम खेळून पाहा. डब्यातले चिंचोके काढा, प्रत्येकाला शंभर द्या. आणि घरातल्या सर्वात बडबड्या काकांच्या डावीकडची जागा पकडा. त्यांची बोली आधी होते, तुमची नंतर. बाकी तुम्हाला कळेलच.